केबल न ओढता ॲक्सेस पॉइंट जोडणे: डब्ल्यूडीएस, रिपीटर आणि मेश

बिनतारी

दोन-तीन ॲक्सेस पॉइंट (एपी, म्हणजे वायफाय पसरवणारी यंत्रं) बसवायचे आहेत आणि मध्ये केबल ओढणं शक्य नाही, हा प्रश्न सारखा येतो. उत्तरं मात्र 'रिपीटर लावा' यापुढे फारशी जात नाहीत. रिपीटर या एका नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यांच्या मर्यादाही वेगवेगळ्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुळातली अडचण समजून घेऊ, कारण पुढची निम्मी दुखणी तिथूनच निघतात. वायफायच्या डेटा फ्रेममध्ये (हवेतून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यात) मॅक पत्त्यांसाठी, म्हणजे यंत्रांच्या स्वतःच्या ओळख क्रमांकांसाठी, चार जागा असतात. मोबाइल एपीशी बोलतो तेव्हा त्यातल्या तीनच भरतात: एपीचा पत्ता, मोबाइलचा पत्ता आणि फ्रेम शेवटी ज्याच्याकडे पोचायची त्याचा पत्ता. फ्रेम हवेत सोडणारा आणि ती मुळात तयार करणारा एकच असल्यामुळे चौथी जागा लागत नाही.

आता मोबाइलच्या जागी दुसरा राउटर ठेवा आणि त्याच्या लॅन पोर्टला संगणक लावा. फ्रेम हवेत सोडतोय राउटर, पण ती आहे संगणकाची. तीन जागांत हे दोन्ही पत्ते मावत नाहीत. राउटरने फ्रेमवर आपल्या पत्त्याऐवजी संगणकाचाच पत्ता घातला, तर मुख्य एपी ती टाकून देतो, कारण त्या पत्त्याच्या कोणी त्याच्याशी रीतसर जोडणीच केलेली नसते. नुसत्या क्लायंट मोडमधला राउटर मागच्या यंत्रांना सरळ पूल (ब्रिज, म्हणजे दोन्हीकडची यंत्रं एकाच नेटवर्कमध्ये आणणारा दुवा) बांधून देऊ शकत नाही, ते यामुळे.

डब्ल्यूडीएस, म्हणजे वायरलेस डिस्ट्रिब्यूशन सिस्टिम, चारही जागा वापरते: घेणारा एपी, सोडणारा एपी, अंतिम मुक्काम, मूळ उगम. हवेतल्या फ्रेमा पकडून पाहिल्या तर हेडरमधले टू-डीएस आणि फ्रॉम-डीएस हे दोन्ही बिट १ दिसतात. मोबाइलकडून एपीकडे जाणाऱ्या फ्रेममध्ये फक्त पहिला १ असतो, एपीकडून मोबाइलकडे येणाऱ्या फ्रेममध्ये फक्त दुसरा. दोन्ही १ दिसले की पूल खरा चार पत्त्यांचा आहे हे पक्कं.

घोळ इथे आहे: ८०२.११ मानकाने या फ्रेमची रचना दिली, पण दोन एपींनी एकमेकांना कसं ओळखायचं आणि एनक्रिप्शनच्या किल्ल्या कशा ठरवायच्या हे दिलं नाही. ते ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने केलं. त्यामुळे डब्यावर 'डब्ल्यूडीएस' छापलेली दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. मायक्रोटिकचा स्टेशन-ब्रिज मोड तर दोन्ही टोकांना मायक्रोटिक असेल तरच चालतो.

प्रत्यक्षात चार प्रकार भेटतात.

पहिला, जुना डब्ल्यूडीएस. दोन्ही एपी एपीच राहतात, एकमेकांचे मॅक पत्ते हाताने भरायचे, चॅनेल आणि चॅनेलची रुंदी दोन्हीकडे तीच ठेवायची. डब्ल्यूपीएच्या (वायफायच्या आजच्या एनक्रिप्शनच्या) किल्ल्या ठरवताना एक बाजू देणारी आणि दुसरी मागणारी लागते. इथे दोघेही समान, म्हणून बऱ्याच जुन्या यंत्रांत हा पूल फक्त डब्ल्यूईपी या जुन्या, कमकुवत एनक्रिप्शनवर चालायचा. आज हा प्रकार निवडू नये.

दुसरा, एपी आणि चार पत्त्यांचा क्लायंट. मुख्य यंत्र एपी, दुसरं त्याला क्लायंट म्हणून जोडतं, पण दोघंही चौथा पत्ता वापरायला राजी असतात. देणारा-मागणारा ही विभागणी आयतीच मिळते, त्यामुळे डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ दोन्ही विनातक्रार चालतात. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर टाकता येणारं मुक्त फर्मवेअर) मुख्य बाजूला 'ॲक्सेस पॉइंट डब्ल्यूडीएस' आणि दुसऱ्या बाजूला 'क्लायंट डब्ल्यूडीएस' निवडायचं. दोन ते तीन एपींसाठी माझी पहिली पसंती हीच.

तिसरा, 'युनिव्हर्सल रिपीटर'. कुठल्याही राउटरशी चालतो, कारण चौथा पत्ता वापरतच नाही. मागच्या सगळ्या यंत्रांचे मॅक पत्ते पुसून स्वतःचा एकच पुढे करतो आणि परत येणारी पाकिटं आयपी पाहून वाटतो. मुख्य राउटर आपल्या ताब्यात नसेल तरच याच्याकडे वळावं.

चौथा, मेश. त्यावर कोणी जाणकार लिहितीलच.

आता दुसऱ्या प्रकाराची मांडणी. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ धरतो.

मुख्य बाजूला ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर, नेहमीच्या नावाव्यतिरिक्त, आणखी एक नेटवर्क तयार करा, फक्त पुलासाठी. नाव वेगळं, पासवर्ड लांबलचक (६३ अक्षरांपर्यंत चालतो), मोड डब्ल्यूडीएस, लॅनशी जोडलेलं. चॅनेल 'ऑटो' ठेवू नका. ३६, ४०, ४४, ४८ पैकी एक ठरवून द्या. देशाचा कोड दोन्हीकडे तोच आणि खरा असू द्या.

दुसरं यंत्र आधी केबलने संगणकाला जोडून, मुख्य राउटरपासून तोडलेलं असताना सेट करा. लॅनचा आयपी १९२.१६८.१.२, गेटवे आणि डीएनएस १९२.१६८.१.१. डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सेवा) बंद, आयपीव्ही६ चा डीएचसीपी आणि राउटर ॲडव्हर्टाइजमेंटही बंद, हे दुसरं हमखास विसरलं जातं. मग ५ गिगाहर्ट्झवर पुलाचं नाव शोधून क्लायंट डब्ल्यूडीएस म्हणून जोडा, आणि हा इंटरफेस लॅनमध्येच टाका. मेनू तो वॅनमध्ये (इंटरनेटच्या बाजूला) टाकायचं सुचवतो; तसं केलं की पुलाऐवजी दुहेरी नॅट, म्हणजे एकामागे एक दोन वेगळी नेटवर्कं, तयार होतात. शेवटी २.४ आणि ५ दोन्हींवर वापरणाऱ्यांसाठीचं नेटवर्क, मुख्य राउटरचंच नाव, पासवर्ड आणि एनक्रिप्शन ठेवून सुरू करा.

पुलाचं नाव वेगळं ठेवण्यामागे कारण आहे. तेच नाव ठेवलं आणि तिसरा एपी आला, तर दुसऱ्याचा क्लायंट मुख्य सोडून तिसऱ्याला जाऊन चिकटू शकतो आणि तिसऱ्याचा दुसऱ्याला. मग दोघं एकमेकांचा हात धरून बसतात आणि इंटरनेटकडे जाणारी वाट कुणाकडेच नसते. नाव एकच ठेवणं भाग असेल तर क्लायंटमध्ये मुख्य एपीचा बीएसएसआयडी (त्या नेटवर्कचा मॅक पत्ता) बांधून टाका.

---

मधला मजला

उत्तम माहिती. एक मांडणी विचारतो. तीन मजले, काँक्रीटचे स्लॅब, इंटरनेट तळमजल्यावर येतं. तीन सारखे ड्युअल बँड राउटर, तिन्हीवर ओपनडब्ल्यूआरटी. सर्वात वरच्या मजल्याला मधल्यावरून घ्यावं की थेट तळमजल्यावरून? आणि मधला एपी नेमका कुठे ठेवावा?

---

बिनतारी

@मधला मजला, थेट मिळत असेल तर थेट. पण 'मिळतं' हे आकड्यावर ठरवायचं, मोबाइलवरच्या कांड्यांवर नाही. पुलाच्या टोकाला -५५ ते -६५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक; शून्याच्या जितकं जवळ तितका जोरदार) चांगलं. -७० पर्यंत ओढूनताणून चालतं. त्याखाली गेलं की पूल टिकलेला दिसतो खरा, पण फ्रेमा दोन-दोनदा पाठवाव्या लागतात आणि सगळ्यांचाच वेळ खाल्ला जातो. दोन स्लॅब ओलांडून ५ गिगाहर्ट्झ क्वचितच -७० च्या वर राहतं, त्यामुळे तुमच्याकडे साखळीच होईल असं दिसतं.

जागेबद्दल: जिथे सिग्नल संपतो तिथे दुसरा एपी ठेवायचा, ही सर्रास होणारी चूक. ज्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? सिग्नल अजून खणखणीत आहे अशी शेवटची जागा शोधा, म्हणजे साधारण निम्म्या वाटेवर. मजल्यांच्या बाबतीत जिन्याचा मोकळा भाग सोन्यासारखा, कारण तिथे स्लॅब नसतो. एपी जिन्याच्या दारापाशी ठेवा. खोलीच्या मध्यभागी ठेवण्यापेक्षा १० डीबीपर्यंत फरक पडू शकतो. आरसा, लोखंडी कपाट, फ्रिज, पाण्याची टाकी यांच्या आड नको.

आणि अँटेना. काडीसारखा अँटेना आपल्या टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच फेकत नाही. तो कंबरेभोवती चकतीसारखा पसरतो. सगळे उभे ठेवले की बरोबर वरच्या मजल्यावर सर्वात कमी पोचतं. दुसरा एपी वरच्या मजल्यावर असेल तर दोन्हीकडचा निदान एकेक अँटेना आडवा करा. दोन्ही टोकांना सारखाच, नाहीतर ध्रुवीकरण जुळत नाही.

---

पॅकेटमोजे

वेगाबद्दल कोणी लिहिण्याआधी एक दुरुस्ती करून ठेवतो. 'प्रत्येक टप्प्याला वेग निम्मा' हे अर्धंच खरं. नेमकं असं आहे: एकाच चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो. मोबाइल थेट मुख्य एपीशी बोलला तर फ्रेम हवेत एकदा जाते. मध्ये एक एपी आला तर तीच फ्रेम दोनदा, दोन आले तर तीनदा. म्हणजे पूर्ण, निम्मा, एक तृतीयांश, पाव नव्हे. पण हे सगळे टप्पे सारख्याच वेगाचे असतील तर.

टप्पे असमान असतील तर हवेतला वेळ मोजायचा. पुलाचा खरा वेग ४०० मेगाबिट आणि मोबाइलचा १००, दोन्ही त्याच रेडिओवर. एक मेगाबिट पुलावर ०.००२५ सेकंद घेतो, मोबाइलकडे ०.०१ सेकंद, एकूण ०.०१२५. म्हणजे ८० मेगाबिट. पूल दुप्पट वेगवान करून ८०० केला तरी उत्तर ८९ च्या आसपास अडकतं. जो टप्पा मंद आहे तो सुधारा, नुसत्या पुलावर पैसे घालून उपयोग नाही.

आणखी एक: स्क्रीनवर दिसणारा ८६६ हा आकडा हवेतला कमाल दर आहे, ८०२.११एसी, दोन अँटेना, ८० मेगाहर्ट्झ रुंदी. प्रत्यक्ष फाइल त्याच्या ५० ते ६० टक्क्यांनीच जाते. बाकीचा वेळ पोचपावत्या, थांबे आणि हेडर खातात.

यावर उपाय म्हणजे पुलाला एक रेडिओ आणि वापरणाऱ्यांना दुसरा. ड्युअल बँडमध्ये पूल ५ वर आणि लोक २.४ वर ठेवले की निम्मं होणं टळतं, पण २.४ गिगाहर्ट्झवर ८०२.११एन, दोन अँटेना आणि २० मेगाहर्ट्झ रुंदीला हवेतला दरच १४४ आहे, तेव्हा तोही हिशेब धरा. काही ट्राय-बँड यंत्रांत ५ गिगाहर्ट्झचे दोन रेडिओ असतात, एक खालच्या चॅनेलवर, एक वरच्या. तीन मजल्यांची साखळी असेल तर तिथे ते सार्थकी लागतं.

---

जोडणीकार

वरच्या मांडणीत एक खाच आहे, त्यात बरेच जण अडकतात. दुसऱ्या यंत्रात एकाच रेडिओवर क्लायंट आणि एपी दोन्ही चालवले, तर दोघांचं चॅनेल एकच असतं आणि ते क्लायंट ठरवतो. मुख्य राउटर बंद पडला की क्लायंट सगळ्या चॅनेलवर शोधत फिरतो, आणि तोवर त्या रेडिओवरचा एपी उठतच नाही. वापरणाऱ्याला वाटतं दुसरं यंत्र मेलं, आणि तो रिसेटचं बटण दाबून सगळी मेहनत पुसून टाकतो.

म्हणून २.४ वरचा एपी नेहमी स्वतंत्र ठेवा, त्यावर क्लायंट नको. मग पूल तुटला तरी १९२.१६८.१.२ वर जाऊन बघता येतं. त्या वेळी डीएचसीपी नसतो, तेव्हा संगणकाला हाताने १९२.१६८.१.५० द्यायचा.

---

पॅकेटमोजे

चालत नसेल तर कुठे पाहायचं, माझ्या क्रमाने:

दुसऱ्या यंत्रावरून मुख्यला पिंग जातं, पण त्याच्या मागच्या संगणकावरून जात नाही. चौथा पत्ता चालत नाहीये. एका बाजूला डब्ल्यूडीएस सुरू आणि दुसऱ्या बाजूला राहून गेलंय, किंवा दोन वेगळ्या घराण्यांची यंत्रं जोडली आहेत. हे लक्षण इतकं ठरलेलं आहे की दुसरं काही तपासण्याआधी हेच पाहावं.

मुख्य राउटरच्या यादीत पाच यंत्रं वेगवेगळ्या आयपीने दिसतात, पण सगळ्यांचा मॅक पत्ता एकच. तुम्ही तिसऱ्या प्रकारात, युनिव्हर्सल रिपीटरमध्ये आहात. इंटरनेट चालेल, पण मॅकनुसार आयपी राखून ठेवणं, लहान मुलांसाठीची वेळमर्यादा, झोपलेला संगणक जागा करणं, आणि बऱ्याचदा आयपीव्ही६, हे नीट चालणार नाही. यातला एक जण अडवला की पाचही अडतात.

आयपीच मिळत नाही, किंवा मिळतो तो दुसऱ्याच मालिकेतला. दुसऱ्या यंत्राचा डीएचसीपी चालू राहिलाय. कधी मुख्यचा आयपी मिळतो, कधी याचा; जो आधी उत्तर देईल त्याचा.

सगळं नेटवर्क एकाएकी आडवं, सगळ्या पोर्टचे दिवे एका लयीत वेगाने लुकलुकतात. फेरा तयार झाला आहे. पूल वायफायवर चालू असताना कुणीतरी त्याच दोन यंत्रांमध्ये केबलही लावली. ब्रॉडकास्ट फ्रेम गोल गोल फिरत राहते, कारण इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादाच नसते. केबल काढा, मग दोन्ही पुलांवर एसटीपी (फेरा ओळखून एक वाट बंद ठेवणारी सोय) सुरू करा. एसटीपी असेल तर उलट फायदाच: केबल मुख्य वाट, वायफाय राखीव.

पूल बरोबर ठरावीक काळाने तुटतो. एकतर मुख्य राउटरचं चॅनेल ऑटोवर आहे, किंवा डीएफएस, म्हणजे रडार ऐकू आलं की चॅनेल सोडण्याचा नियम. त्यावर खाली कोणी लिहीलच.

---

उंच खांब

दोन इमारतींमधल्या जोडणीबद्दल लिहितो, कारण घरातले नियम बाहेर तसेच लागू पडत नाहीत.

४०० मीटरचं उदाहरण घेऊ, ५.५ गिगाहर्ट्झवर. मोकळ्या हवेतली घट काढायचं सूत्र: किलोमीटरमधल्या अंतराच्या लॉगची २० पट, अधिक मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेच्या लॉगची २० पट, अधिक ३२.४४. उत्तर येतं ९९ डीबी. १४ डीबीएमने सोडलं, दोन्हीकडे १३ डीबीआयचे पॅनेल लावले, तर १४ + १३ − ९९ + १३ म्हणजे -५९ डीबीएम. प्रत्यक्षात तीन-चार डीबी कमी मिळालं तर ठीक. १५-२० डीबी कमी असेल तर ते नशीब नव्हे: पॅनेल मुख्य झोतावर नाही, बाजूच्या झोतावर जुळलंय. तिथेही थोडंसं हलवलं की सिग्नल कमी होतो, त्यामुळे 'हाच कळस' असा भास होतो. दोन्ही बाजूंना मोठा फेरा मारून पाहा. एका वेळी एकच टोक हलवायचं, आधी आडवं, मग उभं, आणि प्रत्येक हालचालीनंतर आकडा स्थिरावू द्यायचा.

समोरची इमारत दिसते म्हणजे वाट मोकळी आहे असं नाही. लहरी दोन टोकांमध्ये भोपळ्याच्या आकाराची जागा घेतात, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ४०० मीटरला मध्यावर तिची त्रिज्या साधारण २.३ मीटर, त्यातला ६० टक्के, म्हणजे १.४ मीटर तरी मोकळा हवा. एक किलोमीटरला हेच ३.७ आणि २.२ मीटर होतं. मध्ये झाडाचा शेंडा येत असेल तर पानगळीत केलेली चाचणी धरू नका. ५ गिगाहर्ट्झला पावसाचा त्रास नगण्य, पण भिजलेल्या पानांचा भरपूर.

सेटिंगमध्ये 'अंतर' किंवा 'एसीके टाइमआउट' अशी एक जागा असते. लहर एक किलोमीटरला ३.३ मायक्रोसेकंद घेते, आणि पोचपावती ठरलेल्या वेळात आली नाही तर यंत्र फ्रेम हरवली समजून परत पाठवतं. काही शे मीटरपर्यंत मूळ सेटिंग निभावून नेतं. त्यापुढे खरं अंतर, किंचित वरचा आकडा घेऊन, भरा. लक्षण ओळखायला सोपं: सिग्नल छान, वेग भिकार, आणि परत पाठवलेल्या फ्रेमांचा आकडा वाढत जाणारा.

डीएफएस. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ हे चॅनेल बऱ्याच देशांत रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. त्यावर बसण्याआधी एपीला ६० सेकंद गप्प राहून ऐकावं लागतं; युरोपात १२० ते १२८ या हवामान रडारच्या पट्ट्यात तर १० मिनिटं. रडार ऐकू आलं की १० सेकंदांत चॅनेल सोडायचं आणि ३० मिनिटं परत यायचं नाही. वीज जाऊन आली की 'पूल उठत नाही' असं वाटतं ते याच मिनिटभरामुळे. विमानतळ किंवा बंदर जवळ असेल तर हे चॅनेल टाळा. देशाचा कोड बदलून पळवाट काढू नका: रडारला खरोखर अडथळा होतो.

बसवताना: केबल बाहेरच्या वापराची, उन्हात न तडकणारी. यंत्रात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही. पीओई इंजेक्टर (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) यंत्रासोबत आलेलाच वापरा. काही यंत्रं २४ व्होल्टची थेट वीज घेतात, काही ४८ व्होल्टची ८०२.३एएफ. २४ वाल्याला थेट ४८ दिलं तर ते जळतं. खांबाला अर्थिंग, आणि केबल इमारतीत शिरते तिथे सर्ज प्रोटेक्टर, तोही अर्थिंगला जोडलेला. नुसता लावून अर्थिंग न केलेला प्रोटेक्टर शोभेचा.

---

सहावा हॉप

मेशबद्दल लिहितो. ८०२.११एस हे मानक २०११ पासून आहे आणि लिनक्सच्या गाभ्यात त्याची सोय आहे. डब्ल्यूडीएसमध्ये कोण कोणाला जोडलेलं हे आपण ठरवतो. इथे सगळे समान असतात, शेजारी आपोआप ओळखतात, आणि प्रत्येक वाटेला किती हवेतला वेळ लागेल यावरून रस्ता निवडतात. एक एपी पडला तर दुसरी वाट काढतात. हा फायदा चार-पाच एपी आणि एकाहून जास्त वाटा असतील तरच. सरळ रेषेतल्या तीन एपींना मेश लावून काही मिळत नाही, तिथे वाट मुळात एकच असते.

ओपनडब्ल्यूआरटीवर करायचं तर आधी 'आयडब्ल्यू लिस्ट' ही आज्ञा चालवून मोडच्या यादीत 'मेश पॉइंट' आहे का पाहा. सगळ्या चिपचे फर्मवेअर हे देत नाहीत. मग मूळचं डब्ल्यूपॅड-बेसिक (वायफायचं एनक्रिप्शन सांभाळणारं पॅकेज) काढून डब्ल्यूपॅड-मेश टाका. बेसिकमध्ये एनक्रिप्शनसह मेश होत नाही. हे पॅकेज इंटरनेट असतानाच बदला, नंतर वायफाय बंद पडल्यावर ते आणणार कुठून? सगळीकडे मेश आयडी, चॅनेल, रुंदी, एसएई (डब्ल्यूपीए३ ची पद्धत) पासवर्ड एकच, आणि मेश इंटरफेस लॅनमध्ये. दुबळा शेजारी धरू नये म्हणून सिग्नलचा उंबरठा -७५ च्या आसपास ठेवा. नाहीतर दूरची एकच लांब उडी निवडली जाते आणि सगळंच मंदावतं.

बॅटमन-ॲडव्हान्स्ड (मेशचे रस्ते शोधणारी वेगळी प्रणाली) वर चढवायचं असेल तर ८०२.११एसचं स्वतःचं फॉरवर्डिंग बंद करा. दोघांनी एकाच वेळी रस्ते शोधले की गोंधळ होतो. शिवाय त्याचं हेडर ३२ बाइटपर्यंत जागा घेतं, म्हणून खालच्या इंटरफेसचा एमटीयू (एका पाकिटाची कमाल लांबी) १५३२ करा.

अवांतर: तयार मेश संचांमध्ये आतून बहुधा दुसऱ्या प्रकाराचाच चार पत्त्यांचा पूल असतो, वर नियंत्रण करणारं सॉफ्टवेअर. वायफाय अलायन्सचं इझीमेश २०१८ मध्ये आलं ते वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जुळावीत म्हणून. घेताना दोन्ही यंत्रांवर ते प्रमाणपत्र आहे का बघा.

---

मधला मजला

सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क याच पुलावरून नेता येईल का? आणि बसवल्यावर पूल 'चांगला' झाला हे मोजायचं कसं?

---

जोडणीकार

पाहुण्यांचं नेटवर्क: चार पत्त्यांच्या पुलावरून व्हीलॅनचे टॅग (एकाच वाटेवरची वेगळी नेटवर्कं ओळखण्याच्या खुणा) जातात, तिसऱ्या प्रकारावर विसंबू नका. पण टॅगच्या भानगडीत पडायचं नसेल तर सोपा मार्ग म्हणजे मुख्यवर पुलाचं आणखी एक नाव, दुसऱ्या यंत्रात आणखी एक क्लायंट डब्ल्यूडीएस, आणि ही जोडी पाहुण्यांच्या ब्रिजमध्ये. दोन स्वतंत्र पूल, एकच रेडिओ. एका रेडिओवर दोन क्लायंट चालतात का हे आधी तपासा, तेही 'आयडब्ल्यू लिस्ट'च्या शेवटी दिलेलं असतं. चालत नसतील तर टॅगला पर्याय नाही.

---

पॅकेटमोजे

मोजणी. इंटरनेटची स्पीड टेस्ट बाजूला ठेवा, ती पूल सोडून बाकी सगळं मोजते. मुख्य राउटरच्या लॅन पोर्टला एक संगणक, दुसऱ्या यंत्राच्या लॅन पोर्टला दुसरा, आणि दोघांमध्ये आयपर्फ३ (दोन संगणकांमधला वेग मोजणारं साधन): चार प्रवाह, ३० सेकंद, मग उलट दिशेने परत. राउटरवरच आयपर्फ चालवू नका, त्याचा प्रोसेसर आधी दमतो आणि पूल वाईट ठरतो. दोन दिशांच्या आकड्यांत दुपटीहून जास्त फरक असेल तर कमी येणाऱ्या दिशेच्या घेणाऱ्या टोकाजवळ कुणीतरी गोंगाट करतंय. तिथे चॅनेल तपासा.

मग दुसऱ्या यंत्रावर 'आयडब्ल्यू स्टेशन डंप'. चार ओळी पाहायच्या: सिग्नल, पाठवण्याचा दर, पुन्हा पाठवलेल्या आणि फसलेल्या फ्रेमा. दोन अँटेनांचे आकडे वेगळे दिसतात. एक -५८ आणि दुसरा -७५ असेल तर एक अँटेना सैल आहे किंवा आड आहे. शेवटी मुख्यला ३०० पिंग, आयपर्फ चालू नसताना. सरासरी ५ मिलिसेकंदांच्या आत आणि गळती शून्य हवी. मधूनच १००-२०० ची उसळी ठरावीक अंतराने येत असेल तर क्लायंट पार्श्वभूमीला चॅनेल शोधतोय. बीएसएसआयडी आणि चॅनेल बांधून दिलं की बहुधा थांबतं.

---

बिनतारी

यात एकच भर. तीन एपींची साखळी असेल तर पहिल्याला तिसरा ऐकू येत नाही. दोघं एकदम बोलतात आणि मधल्यापाशी फ्रेमा आदळतात. लक्षण: प्रत्येक टप्पा वेगळा मोजला तर छान, दोन्ही एकदम वापरले तर कोसळतं. तिन्ही यंत्रांवर आरटीएसचा (फ्रेम सोडण्याआधी परवानगी मागण्याचा) उंबरठा ५०० बाइटच्या आसपास आणून पाहा. कमाल वेग थोडा उतरतो, पण गर्दीतला वेग सावरतो. आणि हे @मधला मजला यांच्या मांडणीत हमखास होणार, तेव्हा तळमजला ते पहिला या पुलासाठी ५ गिगाहर्ट्झ आणि पहिला ते दुसरा यासाठी २.४ अशी फोड करून दोन्ही प्रकारे मोजा. फोड केल्यावर वरच्या मजल्याचा कमाल वेग कमी दिसला तरी संध्याकाळी सगळे घरी असतानाचा आकडा बघून ठरवा.